‘स्मृतिचित्रे’मधील वैर, प्रार्थना आणि कृतज्ञता

वैऱ्यावर प्रीती करावी आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, ही मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील शिकवण. नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या ‘नव्या करारा’तील याच डोंगरावरील प्रवचनाने नारायण वामन टिळक भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर या शिकवणीची घरात कशी कसोटी लागली, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४-३६) दिसते.

लक्ष्मीबाईंनी सारे हसत हसत सोसले, हा या आत्मचरित्राविषयीचा रूढ अभिप्राय अपुरा आहे. त्यातून सोशिक पत्नीची परिचित प्रतिमा तेवढी उभी राहते. वस्तुतः वियोगाची वर्षे, आप्तांच्या आश्रयाने काढलेले दिवस, टिळकांचा तापटपणा यांपैकी काहीही लेखिकेने झाकलेले नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने प्रत्येक स्थितीत आभार मानण्यास सांगितले आहे, प्रत्येक स्थितीबद्दल नव्हे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे दुःखाची स्पष्ट नोंद आणि कृतज्ञता या ग्रंथात शेजारी-शेजारी कशा नांदतात, याचा उलगडा होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आरंभी वैराच्या बाजूला स्वतः लक्ष्मीबाईच होत्या. ख्रिस्ती माणसांचा त्यांना विटाळ होता, मिशनऱ्यांविषयी रोष होता. अहमदनगरला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला, आणि तो ठेवू दिला गेला. घाई झाली नाही, सक्ती झाली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच सोडवला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे ज्याच्यासाठी प्रार्थना करावयाची त्या ‘वैऱ्या’च्या बाजूने ही कथा सांगितली गेली आहे. छळ सोसणाऱ्यांच्या कथा धर्मांतरितांच्या वाङ्मयात पुष्कळ आहेत. ही बाजू मात्र विरळा. लेखिकेची कृतज्ञता नव्या धर्मबांधवांपुरतीही मर्यादित नाही. धर्मांतराला विरोध करणाऱ्या, पण तिला आधार देणाऱ्या आप्तांचे ऋण ती तितक्याच मोकळेपणाने मानते.

‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होत असतानाच, १९३४ मध्ये, गांधीजी वर्ध्यास आले आणि १९३६ पासून सेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, राहू लागले. लंडनमधील विद्यार्थिदशेत वाचलेल्या याच प्रवचनाचा आपल्यावरील प्रभाव त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे. तेथे वैरी म्हणजे साम्राज्यसत्ता. त्याच्याशी लढा उघड्यावर होतो. ‘स्मृतिचित्रे’त वैर पाण्याच्या घागरीपाशी आणि चुलीपाशी आहे, आणि दोन्ही बाजूंना माणसे आपलीच. येथे क्षमा करणे अधिक अवघड, कारण ती रोज करावी लागते.

म्हणूनच या ग्रंथातील विनोदाकडे केवळ शैलीचा अलंकार म्हणून पाहता येत नाही. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांचे सोवळे लेखिका रंगवते तेव्हा त्यात सूड नसतो, उपहासही बेताचाच असतो. पुढे तोच विनोद ती स्वतःच्या सोवळ्यावरही वळवते.