कोरियन मालिकांतील पुरुष

कोरियन दूरचित्रमालिका हा केवळ स्त्रियांच्या आवडीचा विषय, असा समज रूढ आहे. २००३ सालीं 'विंटर सोनाटा' जपानांत गेली आणि तेथील मध्यमवयीन स्त्रियांनीं तिचा नायक बे योंग-जून यास डोक्यावर घेतलें, तेव्हांपासून तो दृढ झाला असावा. परंतु या मालिका पुरुषही पाहतात, आणि पाहतां पाहतां स्वतःस जोखतात. त्यांस तेथें आपलें कोणतें रूप दिसतें, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' (२०१९-२०) मधील सेनाधिकारी शूर आहे, रूपवान आहे, शिवाय पियानोही वाजवितो. असा नायक पुरुषास आरसा देत नाहीं, मापपट्टी देतो. आणि तिनें मोजतां प्रत्येक जण थोडा आखूडच भरतो.

'मिसेंग' (२०१४) नें ही पट्टी बाजूस ठेविली. बादुक या पटावरील खेळांत अपयश आलेला जांग ग्यू-रे एका व्यापारी कंपनींत मुदतीच्या नोकरीवर राबतो, तरी कायम होत नाहीं. त्याच वर्षाअखेर सरकारनें पस्तिशीपुढील अशा नोकरांची मुदत २ वरून ४ वर्षें करण्याचा बेत मांडला, तेव्हां त्यास 'जांग ग्यू-रे कायदा' हें नांव पडलें. कल्पित कारकुनांत एका पिढीनें स्वतःस ओळखलें, याहून निराळा पुरावा कशास हवा?

'माय मिस्टर' (२०१८) याही पुढें जाते. तिचा नायक पार्क डोंग-हून इमारतींची मजबुती तपासणारा अभियंता. बाहेरच्या भाराहून आंतलें बळ अधिक हवें, हा इमारतीचा नियम तो माणसासही लावतो. अखेरीस रिकाम्या घरांत जेवतां जेवतां त्यास रडूं कोसळतें. कोरियन मालिकांत पुरुषाचे अश्रू नवे नव्हेत; परंतु हे अश्रू प्रेयसीसाठीं नाहींत, आणि ते पुसावयासही कोणी नाहीं. असें रडणें पाहून कित्येकांस आपलें दुःख प्रथमच बोलकें झाल्यासारखें वाटलें असेल.

आमची शंका मात्र येथेंच आहे. डोंग-हूनच्या पत्नीचा परपुरुषाशीं संबंध असतो. म्हणून प्रेक्षक त्याच्या सोसण्याशीं सहज एकरूप होतो, आणि स्वतःची कींव करूं लागतो. पण पत्नीची तक्रारही मालिकेनें झांकलेली नाहीं: हा गृहस्थ आईचा आहे, भावांचा आहे, आळीचा आहे, तिचा तेवढा नाहीं. आपण किती भार वाहतों, हें पाहणें सुखाचें असतें. आपण कोणावर भार झालों आहों, हें ज्यास दिसलें नाहीं, त्यानें ही मालिका अर्धीच पाहिली, असें आम्ही म्हणूं.