धामणकर नाक्यावरची तीन भित्तिपत्रके

दिवाळीच्या अंकात माणसे कथा वाचतात, कविता चाळतात, राशिभविष्य घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात आणि टीकालेख आला की चकलीचा डबा शोधायला उठतात. मला हे ठाऊक आहे, कारण मीही तेच करीत आलो आहे. तरी वाचकहो, आज थोडे बसा. ज्या चित्रांविषयी मी लिहिणार आहे ती कोणत्याही दालनात सोनेरी चौकटीत लावलेली नाहीत. ती भिवंडीच्या धामणकर नाक्यावर, एका चहाच्या टपरीशेजारच्या भिंतीवर, खळ लावून चिकटवलेली होती आणि त्यांच्यापुढून रिक्षा जात होत्या.

झाले ते असे. उपयोजित कला शिकवणाऱ्या एका विद्यालयाने शेवटच्या वर्षाच्या एकोणीस विद्यार्थ्यांना एक काम दिले. भिवंडीत जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा एक कार्यक्रम व्हावयाचा होता. त्याचे उत्पन्न यंत्रमागावर राबून आजारी पडलेल्या कामगारांच्या औषधपाण्यासाठी जायचे होते. त्या कार्यक्रमाची भित्तिपत्रके करावयाची; परीक्षकांनी निवडलेली तीन खरोखरच छापून नाक्यावर लागणार. परीक्षक तिघे, त्यांतला एक मी. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. अशा वेळी माझी आठवण होते ती मुख्यतः मी मानधन मागत नाही म्हणून.

जाहिरातकलेला आपल्याकडे अजून धाकट्या जावेसारखे वागवतात. जे. जे. कलाशाळा स्थापन झाली १८५७ साली. तिच्यात व्यापारी कलेचा वर्ग निघाला १९३५ साली, आणि त्या वर्गाची स्वतंत्र संस्था झाली १९५८ साली. पाऊणशे-शंभर वर्षे ती माजघरात ताटकळली म्हणावयाची. दालनातल्या चित्रावर पानेच्या पाने लिहिणारे आम्ही भिंतीवरच्या चित्रावर चार ओळी लिहीत नाही. वास्तविक रोज हजारो माणसांच्या डोळ्यांपुढून जाते ते हेच चित्र.

सभागृहात सुतळीवर टांगलेली ती एकोणीस भित्तिपत्रके पाहताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की त्यांतल्या अकरांवर हात होते. जोडलेले हात, पसरलेले हात, ओंजळ, ओंजळीत पणती, ओंजळीत हृदय, एका ठिकाणी तर ओंजळीत पृथ्वीचा गोल. माझ्या हाती असते तर दानधर्माच्या चित्रांत हात, हृदय आणि पणती ह्या तिन्हींवर मी दहा वर्षे बंदी घातली असती. ह्या खुणा वाईट आहेत असे नाही. त्या इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की त्यांवर नजर ठरतच नाही. भिवंडीतल्या कामगारासाठी काढलेले चित्र आणि कोणत्याही गावी भरणाऱ्या रक्तदान शिबिराचे चित्र ह्यांत फरक उरला नाही, तर चित्रकाराने तेथवर जाऊन पाहिले काय?

दुसरी गोष्ट मला अधिक खटकली. एकोणीसांपैकी सोळा भित्तिपत्रकांवर गाणी कोणती, गाणार कोण, हे बारीक टाइपात एका कोपऱ्यात होते. दुःख मोठ्या अक्षरांत, गाणे लहान अक्षरांत! आता मदतीचा खेळ हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मानकरी एका रंगमंचावर. एरवीपेक्षा कितीतरी चढे दर देऊन लोक गेले. त्यांच्या मनात देशकार्य होतेच. पण ती दोन नावे एकत्र वाचल्यावर घरी बसवेना, हेही तितकेच खरे. दान आणि हौस ह्यांची अशी गाठ पडली की पैसा आपोआप जमतो. मदतीच्या कार्यक्रमाचे भित्तिपत्रक हे आधी आमंत्रण असले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनी त्याचा अर्ज केला होता.

हे सारे मी त्या दिवशी बरोबर बोललो. मग निवड करताना चुकलो.

मी पहिला क्रमांक दिला तो एका छायाचित्राला. काळ्यापांढऱ्या रंगात, कागदभर, एका बाईचा चेहरा. कांडी भरण्याच्या यंत्रापाशी बसलेली असावी. केसांवर कापसाची भुरभुर, कपाळाला घाम, आणि उजेड एका बाजूने असा पडलेला की डोळ्यांत पाणी असल्याचा भास व्हावा. खाली तीनच शब्द: ‘हिच्यासाठी एक संध्याकाळ’. छायाप्रकाशाची जाण, मोकळ्या जागेचा संयम, अक्षरांचे नेमके वजन ह्यांत खोट काढायला जागा नव्हती. हात नाही, पणती नाही. तिघांनीही मान डोलावली. पाच-सात फुटांवरून ते अंगावर येत असे, आणि सभागृह तेवढेच मोठे होते.

दुसरा क्रमांक एका रंगीत रेकॉर्डच्या तबकडीला गेला. चित्र नीटनेटके होते. त्याच्याविषयी अधिक सांगण्याजोगे काही नाही.

तिसरा क्रमांक मी जरा कुरकुरतच दिला. ते भित्तिपत्रक कागदावर नव्हतेच. पद्मानगरातल्या एका तेलुगू विणकर घराण्यातल्या मुलीने ते मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर केले होते. कापडाच्या गाठी बाहेरगावी जातात तेव्हा त्यांच्यावर पत्र्याच्या कापीव साच्यातून काळ्या शाईने अक्षरे मारतात. तसल्याच अक्षरांत तिने कार्यक्रमाचे नाव, वार, तारीख, वेळ आणि तिकिटाचा दर मारला होता. दर तर तारखेएवढाच मोठा. मजकूर चार भाषांत: मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू. चित्र म्हणावे असे एकच: कापडाच्या मधोमध एक तुटलेला धागा आणि तो सांधून मारलेली लहानशी लाल गाठ. मी गुणपत्रिकेत शेरा लिहिला, ‘कल्पना चांगली, चित्र अपुरे.’ तो शेरा आज माझ्यापुढे असता तर त्याच काळ्या शाईने मी तो पुसून टाकला असता.

भित्तिपत्रक भिंतीवरच पाहावे असे मी मुलांना जन्मभर सांगितले. म्हणून कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी एका रविवारी नाक्यावर गेलो आणि टपरीच्या बाकावर चहा घेऊन बसलो.

धामणकर नाक्यावर काहीही वाचणे हा पराक्रम आहे. चहूकडून वाहने येतात, शेअर रिक्षावाले सवारीसाठी ओरडत असतात, टेम्पोत कापडाचे तागे उतरंडीसारखे रचलेले असतात, आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यावर कोणाकोणाच्या वाढदिवसांचे फ्लेक्स, ज्यांवर एका मोठ्या चेहऱ्याभोवती तीस लहान चेहरे हात जोडून उभे. ह्या गर्दीत आमच्या छायाचित्रातला चेहरा कसा दिसत होता? वाढदिवसाचा एकतिसावा चेहरा असावा तसा. करडा रंग भिंतीच्या करड्या रंगात बुडून गेला होता. जवळ जाऊन पाहणारे पाहत, पण पाहून पुढे जात. कार्यक्रम कधी आणि कोठे हे कोणी खाली वाकून वाचले नाही. उलट ते कापड वाऱ्याने फडफडत होते. त्याच्यापुढे माणसे थांबत, कारण तसली अक्षरे त्यांनी जन्मभर पाठीवर वाहिली होती. आज त्यांत काय लिहिले आहे ते त्यांना पाहावयाचे होते. एका म्हाताऱ्या मोमीन गृहस्थांनी उर्दू ओळ बोटाने वाचली, दर वाचला, आणि बरोबरच्या नातवाला म्हणाले, “परवडण्यासारखं आहे.”

त्या उर्दू ओळीविषयी थोडे सांगितले पाहिजे. उर्दू वाचकाच्या डोळ्याला नस्तालीक वळण हवे असते, आणि ते वळण उजवीकडून डावीकडे खाली उतरत जाते. देवनागरी आपल्या शिरोरेघेला टांगलेली. तेलुगू अक्षरे गोल, तिळाच्या लाडवांसारखी एकमेकांशेजारी बसणारी. ह्या तिघींना एका चौकटीत कोंबले की कोणीतरी एक रुसते. आमच्या गावोगावच्या पाट्यांवर बहुधा उर्दूच रुसलेली असते. ह्या मुलीने उर्दू ओळीला साच्यात बसवलेच नाही. एका जुन्या पाटी रंगवणाऱ्या कारागिराकडून ती ब्रशने लिहून घेतली, तिचा उतार तसाच राहू दिला, आणि मधला लाल धागा त्याच उतारावर धरला. दोष काढायचाच तर तेलुगू ओळ किंचित खाली गेली आहे आणि स्थळाचा पत्ता शिवणीत अडकला आहे. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या नावाच्या अक्षरांतून नाटकाची प्रकृती दाखवली, ते आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत पाहिले. अक्षर हेच चित्र होऊ शकते हे मी त्यावरून मुलांना शिकवीत आलो, आणि परीक्षेच्या वेळी चित्र शोधत बसलो.

चहा संपता संपता टपरीवाल्याने विचारले, “मास्तर, हे फोटो तुम्ही लावले काय?”

मी मोठ्या अभिमानाने होय म्हटले.

“ती बाई ह्या समोरच्या गल्लीतली,” तो म्हणाला. “रोज कारखान्यात जाताना इथून जायची. फोटो लागल्यापासून मागच्या बोळातून जाते. लांब पडतं तिला.”

एवढेच तो बोलला आणि भांडी विसळू लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. मुलगा गुणी आणि सरळ आहे. तो म्हणाला, “सर, मी विचारलं होतं. फोटो काढू का म्हटलं, तर ती हसून हो म्हणाली.” फोटो कशासाठी, कोठे लागणार, खाली काय लिहिणार, हे त्याने विचारले नव्हते, आणि आम्ही तिघांनी त्याला ते विचारले नव्हते. ती बाई आजारी नव्हती. तिने कोणाकडे काही मागितले नव्हते. ‘हिच्यासाठी’ ह्या एका शब्दाने आम्ही तिला तिच्याच नाक्यावर याचक करून टाकले होते. ज्या शब्दाच्या नेमकेपणाला मी दहापैकी नऊ गुण दिले होते तो हाच.

दुःखी माणसाचा चेहरा दाखवूच नये असे मी म्हणणार नाही. १९७१च्या ऑगस्टात बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन ह्यांनी न्यूयॉर्कला मैफल केली. तिच्या ध्वनिमुद्रिकांच्या संचावर रिकाम्या थाळीपुढे बसलेले उपाशी मूल होते, आणि त्या वळणाची चित्रे मदतीच्या आवाहनांवर आपण तेव्हापासून किती पाहिली असतील! पण मला आठवतो चित्तप्रसाद. १९४३च्या दुष्काळात हा बंगाली चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात हिंडला, उपाशी माणसांची शाईत चित्रे काढली, आणि त्यांची ‘हंग्री बेंगाल’ ही पुस्तिका निघाली तेव्हा सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे तो मुंबईत येऊन राहिला. त्याच्या चित्रांत भुकेचे भयंकर दर्शन आहे. तरी पुष्कळ चित्रांशी त्याने त्या माणसाचे नाव, त्याचे गाव, त्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. समोरच्या माणसापाशी बसल्याशिवाय ही माहिती मिळत नाही. आमच्या भित्तिपत्रकावरच्या बाईचे नाव काय, हे मला अजून ठाऊक नाही.

त्या विद्यार्थ्याने माझा फोन झाल्यावर जे केले ते मात्र लिहून ठेवण्यासारखे आहे. तो एकटा नाक्यावर गेला, स्वतःचे चित्र भिंतीवरून ओले करून खरवडून काढले, आणि मग त्या गल्लीत जाऊन तिच्या दारात उभा राहिला. काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्याच जागी त्याने दोन दिवसांनी नवे भित्तिपत्रक लावले: मोठ्या अक्षरांत गायकांची नावे, त्याखाली गाण्यांची यादी, त्याखाली दर. अक्षरे घाईची होती, डावा समास तिरका गेला होता. लोक थांबून गाण्यांची यादी वाचत होते आणि एखादी ओळ गुणगुणत पुढे जात होते.

मी विद्यालयाला पत्र लिहून क्रमांक बदलण्याची विनंती केली. गुण वर कळवले गेले आहेत, आता फेरबदल करता येत नाही, असे नम्र उत्तर आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. तेव्हा माझ्यापुरते गुण येथे बदलतो. पहिला क्रमांक कोऱ्या कापडाला. तेलुगू ओळीसाठी एक गुण कमी. दुसरा त्या तिरक्या समासाच्या गाण्यांच्या यादीला. तबकडी तिसरी. छायाचित्राला मी क्रमांक देत नाही, आणि ते निवडणाऱ्या परीक्षकाला पुढच्या वर्षी बोलावू नये असे सुचवतो. निदान आधी नाक्यावर चहा प्यायला लावून मग बोलवावे.