घडणावळ वजा जाता

जागेच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असलं, की ती पाच मिनिटं पळत जाणाऱ्याची, हे मराठी माणसाला अनुभवाने कळतं. लग्नाच्या जाहिरातीतलं 'घरची शेती' आणि स्कूटरच्या जाहिरातीतलं 'डॉक्टरांनी वापरलेली' यांचे अर्थही आपण पचवले आहेत. पण जुनी वाद्यं विकणाऱ्यांच्या जाहिराती हा वाङ्मयप्रकार मात्र समीक्षकांच्या नजरेतून साफ निसटला आहे. कोणी न वाचलेल्या कादंबरीवर प्रबंध होतात. पण ज्या चार ओळी वाचून माणूस खिशातले वीस हजार काढून देतो, त्यांच्यावर एक साधं परीक्षण नाही! ती उणीव आज भरून काढावी म्हणतो. विषय मर्यादित ठेवतो : नामांकित बेस गिटारींच्या स्वस्त आवृत्त्या, त्याही वापरलेल्या, आणि त्यांची वाजवी किंमत.

"तुम्हाला गिटारीतलं काय कळतं?" हा प्रश्न आमच्या घरातूनच आला. रास्त आहे. मी बी.कॉम., बँकेतला कारकून, आणि माझा वाद्यसंगीताशी संबंध गणपतीच्या आरतीतल्या झांजांपुरता. पण ज्या लिओ फेंडरने 1951 साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला, त्या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो शिकला होता हिशेबनिशी! नोकरी गेली म्हणून त्याने 1938 साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. एका हिशेबनिसाने घडवलेल्या वस्तूची किंमत दुसऱ्या हिशेबनिसाने ठरवली, तर कोणाचं काय बिघडलं?

बेस गिटार म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या गिटारीला सहा तारा, हिला बहुतेक वेळा चार. पण दोरखंडासारख्या जाड. हिचा आवाज वेगळा असा ऐकू येत नाही. पण बंद पडला की गाण्याच्या पायातली चप्पल निघाल्यासारखं वाटतं. राहुलदेव बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस आपण सगळ्यांनीच ऐकला आहे, आपण तो ऐकतोय एवढंच आपल्याला माहीत नव्हतं. पूर्वी हे काम पुरुषभर उंचीच्या बिनपडद्याच्या वाद्यावर अंदाजाने बोट ठेवून करावं लागे. फेंडरने दांडीवर पडदे बसवले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव 'प्रिसिजन'.

आता ही मोठी घराणी. आणि प्रत्येक मोठ्या घराण्याची एक धाकटी पाती असते. फेंडरने 1965 साली कंपनी सी.बी.एस.ला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. पुढे जपानी कारखाने फेंडरच्या हुबेहूब आणि स्वस्त नकला काढू लागले, तेव्हा कंपनीने विचार केला, की दुसऱ्याने आपली नक्कल करण्यापेक्षा आपणच का करू नये? 1982 साली 'स्क्वायर' ही स्वस्त शाखा निघाली, तीही जपानातच. स्क्वायर हे मुळात तारा बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचं नाव. ते फेंडरकडे आधीपासून पडून होतं. गिब्सनच्या घरात तशीच एपिफोन. आणि खुद्द लिओ फेंडर नंतर ज्या म्युझिक मॅन कंपनीत होता, तिच्या 1976 सालच्या 'स्टिंगरे'ची स्वस्त आवृत्ती पूर्वी ओ.एल.पी. नावाने यायची, आता स्टर्लिंग नावाने येते. अमेरिकेत बनलेल्या एका प्रिसिजनच्या पैशात साध्या स्क्वायर पाच-सहा तरी सहज बसतात.

यात वाईट काही नाही. वाईट सुरू होतं ते जाहिरातीत.

या वाङ्मयाचा पहिला अलंकार म्हणजे पितृनाम. 'फेंडर स्क्वायर बेस' असं ठसठशीत लिहायचं, आणि पुढे : 'ओरिजिनल दोन लाखांना येतो, मी फक्त अठ्ठावीस हजार मागतोय.' या 'फक्त'मध्ये सगळं काव्य आहे. वाचणाऱ्याला वाटतं, एक लाख बहात्तर हजार वाचले! अहो, तुमच्याकडे आहे ती स्क्वायर. तिची तुलना नव्या स्क्वायरशी करा. उद्या कोणी 'हापूस डझनाला बाराशे, माझे रायवळ फक्त आठशे' असं म्हणू लागला, तर आपण पिशवी पुढे करतो का?

बँकेत सोनेतारण करायला बायका येतात. मूल्यमापन करणारा सराफ दागिना काट्यावर ठेवतो, खड्यांचं वजन वजा करतो, आणि घडणावळ मुळीच धरत नाही. "अहो, पण घडणावळीलाच केवढे गेले!" असं म्हणत बाई कळवळते. सराफ मान हलवतो. पण आकडा हलत नाही. स्वस्त आवृत्तीवर कोरलेलं मोठ्या घराण्याचं नाव म्हणजे ही घडणावळ. नवी घेताना ती द्यावी लागते. दुसऱ्या हाताला जाताना ती मोजायची नसते. आत सोनं किती, तेवढं बघायचं. ओ.एल.पी.चंच पाहा. रूप हुबेहूब स्टिंगरेचं. पण स्टिंगरेच्या पोटात बॅटरीवर चालणारी जी आवाज फुलवणारी यंत्रणा असते, ती हिच्यात नव्हती. तर त्यावरही एका जाहिरातदाराने लिहिलं होतं : 'बॅटरीचा खर्च नाही!'

दुसरा अलंकार 'व्हिंटेज'. वीस वर्षं जुन्या वस्तूला आपण जुनाट म्हणतो. वाद्याच्या बाजारात तिला व्हिंटेज म्हणतात. इथे एक खरा अपवाद सांगितला पाहिजे. 1982 ते 1984च्या सुमारास जपानात बनलेल्या, क्रमांकाआधी 'जेव्ही' अक्षरं असलेल्या स्क्वायर फार चांगल्या निघाल्या आणि आज त्यांना खरोखर मान आहे. पण म्हणून दर जुनी स्क्वायर 'जेव्ही' होत नाही, जसा दर जुना कारकून मॅनेजर होत नाही.

कोणी पॉल मॅकार्टनीचा दाखला देतो. त्याने 1961 साली हँबर्गमध्ये जर्मन हॉफनर बेस घेतला तो सुमारे तीस पौंडांना, कारण शंभर पौंडांचा फेंडर परवडत नव्हता. तो बेस 1972 साली चोरीला गेला, सापडला, आणि त्याला परत मिळाल्याचं फेब्रुवारी 2024मध्ये जाहीर झालं, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. स्वस्त वस्तूचं सोनं होतं ते असं! कबूल. पण त्यासाठी बेसबरोबर बीटल्सही लागतात. जाहिरातीत त्यांचा उल्लेख नव्हता.

तिसरा अलंकार 'अपग्रेड'. नवे पिकअप घातले, नवा ब्रिज घातला, त्यांची बिलं जपून ठेवली, आणि सगळी बेरीज किमतीत चढवली. भाड्याच्या खोलीला इटालियन फरशी घातली म्हणून कोणी डिपॉझिट वाढवून देत नाही. ज्यांना ते भाग प्यारे असतील, त्यांनी ते काढून वेगळे विकावेत आणि जुने परत बसवावेत. मोडतोडीतून उलट जास्त मिळतं.

चौथा अलंकार सर्वांत गोड : 'क्वचितच वाजवला.' म्हणजे चार पावसाळे माळ्यावर होता. लाकडाला आपली दमट हवा मानवत नाही. दांडी डोळ्यासमोर धरून, बंदुकीचा नेम धरल्यासारखं पाहावं. किंचित बाक चालतो. पीळ चालत नाही. दांडीच्या पोटात लोखंडी सळी असते, ती फिरवून बाक काढता येतो; पण ती आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल, तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही काय आवळणार? पडद्यांवर तारांनी चर पाडलेत का, आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं का, तेही पाहावं. आणि 'स्क्वायर' खरवडून 'फेंडर' चिकटवलंय का, हे तर आधी पाहावं. आम्हा बँकवाल्यांना सह्या ताडून पाहायची सवय असते, ती इथे उपयोगी पडते.

आता हिशेब. या वस्तूंचा घसारा कॉलेजात शिकवतात तसा नसतो. पहिल्या खरेदीलाच किमतीतून मोठा लचका जातो, आणि मग ती जवळजवळ थांबते, कारण लाकूड काही टायरसारखं झिजत नाही. म्हणून किती वर्षं जुनी, यापेक्षा कशी ठेवली, हा प्रश्न मोठा. माझा ठोकताळा असा : तोच नमुना आज दुकानात प्रत्यक्ष ज्या भावाला मिळतो, त्याचे साठ टक्के. छापील किंमत नव्हे. ती फक्त छापण्यासाठी असते. त्यातून दुरुस्ती वजा. समजा नवी तीस हजार. साठ टक्के म्हणजे अठरा. नव्या तारांचे दोन हजार आणि कारागिराचे दीड हजार वजा जाता राहिले साडेचौदा. विकणारा बाविसाच्या वर हटून बसला, तर सरळ उठावं आणि आणखी काही महिने थांबून वॉरंटीसकट नवी घ्यावी.

एवढा काथ्याकूट कशासाठी? तर या स्वस्त आवृत्त्या घेतं कोण ते बघा. मुरलेला वादक घेत नाही. घेतला तरी तो फसत नाही. घेतं ते पहिला पगार हातात आलेलं पोर, ज्याला वाद्यही नवं आणि बाजारही नवा. चुकीच्या किमतीचा भुर्दंड नेमका त्याच्यावर. बरं, नुसते पैसे जाते तर समजूत घातली असती. पिळलेल्या दांडीवर सूर लागत नाही, बोटं सोलतात, आणि पोराला वाटतं, दोष आपल्याच बोटांत आहे. दोन महिन्यांत बेस माळ्यावर जातो आणि काही वर्षांनी जाहिरात येते : 'क्वचितच वाजवला.'

माझ्या भाच्याबरोबर मी अशी तीन घरं फिरलो. कल्याणच्या एका गृहस्थांनी अठ्ठावीस सांगितले. "घरात ठेवलं तरी शोभा आहे हो," ते म्हणाले. आम्ही शोभेला नमस्कार करून उतरलो. तिसऱ्या घरी एक विद्यार्थी होता. गावी परत चालला होता. बेस लखलखीत पुसलेला, पडदे जेमतेम झिजलेले. त्याने दोष आपण होऊन दाखवले आणि नऊ हजार सांगितले. भाच्याने माझा दंड दाबला. मी कागदावर हिशेब मांडला. तो साडेतेराचा होत होता. कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

"मामा, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?" जिन्यात भाच्याने विचारलं. त्याने तेरा दिले होते.

"जमा आणि नावे दोन्ही जुळल्याशिवाय वही मिटवायची सवय नाही रे," मी म्हणालो. वाजवी म्हणजे कमीत कमी नव्हे. समोरच्याच्या अडचणीचं व्याज खाल्लं, की तो भावही अठ्ठावीस हजारांइतकाच खोटा. फक्त खोटेपणाची बाजू बदलते.

परीक्षणाच्या शेवटी चांगल्या नमुन्याचा उल्लेख करावा, असा प्रघात आहे. माझ्या मते आदर्श जाहिरात अशी हवी : 'स्क्वायर बेस विकणे आहे. स्क्वायरच आहे. नवा आज इतक्याला मिळतो. आवाजाचं बटण खरखरतं, मागे एक पोचा आहे. दांडी सरळ. वेळ मिळेना म्हणून शिकणं राहिलं. येऊन वाजवून पाहा.'

अशी जाहिरात कुठे दिसली, तर घासाघीस करू नये. चहा मिळाला तर तोही घ्यावा.