शेलीविषयी चार निबंध : विद्यार्थ्यांसाठीच्या समीक्षा-संग्रहांचा विचार

एखादा थोर लेखक किंवा एखादा वाङ्मयीन कालखंड विद्यार्थ्याला परिचित व्हावा, म्हणून अनेक अभ्यासकांचे निबंध एका ग्रंथात एकत्र करण्याची प्रथा इंग्रजी समीक्षेत विसाव्या शतकाच्या मध्यास चांगलीच रूढ झाली. या ग्रंथांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील निबंध त्या ग्रंथासाठीच लिहवून घेतलेले असतात. बोरिस फोर्ड यांनी संपादिलेले ‘पेलिकन गाइड टू इंग्लिश लिटरेचर’चे सात खंड (१९५४–६१) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्या वर्गात पूर्वप्रसिद्ध निबंधांची निवड असते. मेनार्ड मॅक यांच्या देखरेखीखाली निघालेली ‘ट्वेंटिएथ सेंचुरी व्ह्यूज’ ही माला याच वर्गातली, आणि एम. एच. एब्रॅम्स यांचा ‘इंग्लिश रोमँटिक पोएट्स’ (१९६०) हा संग्रहही याच वर्गातला. दुसऱ्या वर्गाची प्रतिष्ठा साहजिकच अधिक. कारण त्यात संपादक स्वतः फारसे बोलत नाही, थोरामोठ्यांना बोलू देतो आणि निर्णय वाचकावर सोपवतो. हा निःपक्षपातीपणा कितपत खरा आहे, हे एब्रॅम्स यांच्या संग्रहातील शेलीविषयक विभागावरून तपासून पाहण्यासारखे आहे.

१९६० च्या आवृत्तीत या विभागात चार निबंध आहेत : सी. एस. लुइस, एफ. आर. लीव्हिस, फ्रेडरिक पॉटल आणि डोनाल्ड डेव्ही यांचे. निवड उत्तम आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. शेलीच्या निंदेचा त्या काळातील सर्वांत समर्थ निबंध त्यात आहे, स्तुतीचा सर्वांत लढाऊ निबंध आहे, त्याच्या कीर्तीच्या चढउतारांची मीमांसा आहे आणि त्याच्या एका दुर्लक्षित गुणाचा शोधही आहे. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे? दोन मते पूर्वपक्षात, दोन उत्तरपक्षात, आणि शेवटी आपला एक समतोल परिच्छेद जोडला की उत्तर तयार होते. अडचण नेमकी येथेच सुरू होते.

लुइस यांच्या निबंधाच्या शीर्षकात शेली आहे, ड्रायडन आहे आणि एलियटही आहे. तो निबंध १९३९ साली त्यांच्या ‘रिहॅबिलिटेशन्स’ या पुस्तकात आला. ज्या एलियटने ड्रायडनला उचलून धरले आणि हार्वर्ड येथील व्याख्यानांत (प्रसिद्धी १९३३) शेलीच्या विचारांविषयीची आपली अरुची उघडपणे सांगितली, त्याला दिलेले ते उत्तर आहे. तुम्ही ज्या अभिजाततेच्या कसोटीवर शेलीला नापास करता, त्याच कसोटीला तो ड्रायडनपेक्षा अधिक उतरतो, असा लुइस यांचा डाव आहे. वकिलाने प्रतिपक्षाचाच पुरावा उलटवावा, तशी ही चाल आहे. तिची गंमत आणि तिच्यातील अतिशयोक्ती ही दोन्ही एलियटचे म्हणणे समोर असेल तरच कळतात. ते समोर नसताना हा निबंध वाचणारा विद्यार्थी ‘शेली हा अभिजात कवी होय’ असे सरळ विधान वहीत उतरवून घेतो. भांडणातून उचललेले वाक्य भांडणाबाहेर ठेवले की त्याचा सिद्धांत होतो. निबंध एका शब्दानेही बदललेला नसतो. बदललेला असतो तो त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती संग्रह वाचताना सहजी लक्षात येत नाही. चौघे जण एकाच शेलीविषयी बोलत आहेत, असा समज चार निबंधांच्या शेजारामुळे होतो. वस्तुतः तसे नाही. लीव्हिस यांचा १९३६ चा निबंध मुख्यतः उत्कट भावगीतांवर आणि उद्देशिकांवर रोखलेला आहे, लुइस यांचा सारा भर ‘प्रॉमिथ्यूस अनबाउंड’वर आहे, तर डेव्ही (निबंध मुळात १९५२ च्या ग्रंथातला) यांना हवी असलेली नागर, संभाषणशील भाषा सापडते ती ‘ज्युलियन अँड मडालो’ आणि मारिया गिस्बोर्नला लिहिलेले काव्यपत्र यांत. म्हणजे मतभेद दिसतो तितका सर्वच ठिकाणी मतभेद नाही. पुष्कळदा एकाने एक कविता उचललेली असते आणि दुसऱ्याने दुसरी. ज्याने शेली वाचला आहे त्याला हे पाहताक्षणी उमगेल. ज्याने तो वाचलेला नाही, आणि असे संग्रह प्रायः त्याच्याचसाठी असतात, तो मात्र या चार शेलींची सरासरी काढत बसेल.

‘ओड टू द वेस्ट विंड’चे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लीव्हिस यांचा या कवितेवरील आक्षेप प्रसिद्ध आहे. सैल ढगांना गळणाऱ्या पानांची उपमा कशी लागू पडते, आकाश आणि समुद्र यांच्या फांद्या म्हणजे नेमके काय, असे साधे दिसणारे प्रश्न विचारून ते दाखवतात की येथे एक प्रतिमा दुसरीला जन्म देत जाते आणि प्रत्यक्ष वस्तूवरची कवीची पकड सुटत जाते. हा आक्षेप वाचून कोणताही विद्यार्थी हादरून जाईल, इतका तो चोख मांडलेला आहे. परंतु त्याच १९६० साली डेस्मंड किंग-हील या भौतिकशास्त्रज्ञाने शेलीवर ग्रंथ लिहिला आणि या कवितेतील मेघवर्णनाची प्रत्यक्ष वादळी आकाशाशी सांगड घालून दाखवली. वाऱ्याने फाटून वाहत जाणारे खालचे ढग आणि वादळाच्या आघाडीला उंचावर पसरलेल्या तंतुमय ढगांच्या बटा, असे वास्तव निरीक्षण त्या प्रतिमांच्या मुळाशी आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. तेवढ्याने लीव्हिस यांचा आक्षेप पूर्णपणे निकालात निघतो असे नाही. निरीक्षण अचूक असूनही रचना विसविशीत असू शकते, आणि लीव्हिस यांचा रोख अखेर रचनेवर आहे. तरीही ‘प्रत्यक्षावरची पकड’ या शब्दांना पूर्वीचे वजन उरत नाही. त्या वर्षीच्या संग्रहात किंग-हील येऊ शकत नव्हता, हे उघड आहे. त्याबद्दल संपादकाला दोष देता येणार नाही. पण स्वतः शेलीने या कवितेला एक टीप जोडलेली आहे. आर्नो नदीकाठच्या, फ्लॉरेन्सजवळच्या रानात, शरद ऋतूतील पाऊस आणणाऱ्या वादळी वाऱ्याच्या दिवशी ही कविता सुचली, असे तो तीत सांगतो. कवितासंग्रह उघडणाऱ्याला ही टीप कवितेसोबतच भेटते. समीक्षा-संग्रह उघडणाऱ्याला मात्र आधी निकाल भेटतो, आणि पुरावा भेटलाच तर मागाहून.

पॉटल यांचा निबंध या विभागात घातला, यात एब्रॅम्स यांची सूज्ञता दिसते. कवीची कीर्ती ही अभिरुचीच्या पालटाबरोबर खालीवर होते आणि शेलीची सध्याची उतरण हा त्याच पालटाचा भाग आहे, असे पॉटल सांगतात. त्यामुळे विद्यार्थ्याला निदान एवढे कळते की आपल्यासमोरील मतांना काळ आहे. मात्र हाच निबंध आळशी वाचकाच्या हाती घातकही ठरू शकतो. ‘अभिरुची बदलते’ असे म्हणून टाकले की कोणत्याही मताची शहानिशा करण्याचे कारणच उरत नाही.

याउलट पेलिकन गाइडचा पक्षपात कोणापासूनही लपलेला नाही. त्याच्या लेखकवर्गावर ‘स्क्रूटिनी’ (१९३२–५३) या त्रैमासिकाच्या शिस्तीची दाट छाया आहे आणि खुद्द फोर्ड हे केंब्रिजमध्ये लीव्हिस यांचे विद्यार्थी होते. मूल्यनिर्णय खंडांच्या नावांतूनच सुरू होतो. सतराव्या शतकावरील तिसऱ्या खंडाचे (१९५६) नाव ‘फ्रॉम डन टू मार्व्हेल’ असे आहे. मिल्टनवरील लेखन आत आहे, पण दारावरची पाटी मात्र त्याची नाही! लीव्हिस यांनी १९३६ साली मिल्टनच्या पदच्युतीची द्वाही फिरवली होती, तिचाच हा वीस वर्षांनंतरचा पडसाद म्हणावा लागेल. एलियट यांनी स्वतः १९४७ च्या व्याख्यानात मिल्टनविषयीची आपली आधीची भूमिका बरीच सौम्य केली होती, हे लक्षात घेता ही पाटी अधिकच हट्टी वाटते. पण शिक्षणाच्या दृष्टीने हा हट्ट उपकारक आहे. एकाच दिशेने झुकलेला ग्रंथ वाचताना त्याचा कल वाचकाला जाणवतो, त्याच्याशी झटापट करावीशी वाटते आणि ‘मिल्टन कुठे गेला?’ असा प्रश्न तरी पडतो. चार बाजूंनी चार मते ठेवून स्वस्थ बसलेल्या संग्रहात अशी झटापट करायला समोर कोणी नसते. निवडीमागचा हात दिसत नाही, म्हणून निवड झालीच नाही असे भासते. लीव्हिसपंथीयांचा काटेकोरपणा पुष्कळदा संकुचितपणाकडे झुकला, हे खरेच आहे. तरी आपला गुरू कोठे उभा आहे, हे शिष्याला ठाऊक असणे बरे.

पेलिकन गाइडच्या पहिल्या खंडाने (‘द एज ऑफ चॉसर’, १९५४) आणखी एक गोष्ट केली, जिची दखल पुरेशी घेतली गेली नाही. त्या खंडात निबंधांबरोबर मध्ययुगीन कवितांचा मूळ वेचाच छापला आहे. टीकाकार ज्या कवितेविषयी बोलतो ती पुढच्याच पानांत हजर असल्याने त्याला मोघम बोलता येत नाही आणि वाचकालाही त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. १९८२ नंतर निघालेल्या ‘न्यू पेलिकन गाइड’मध्येही मध्ययुगाच्या दोन्ही भागांना असे वेचे जोडलेले आहेत. पुढच्या कालखंडांना ते नाहीत. डन, पोप, शेली यांच्या कविता वाचकाजवळ असणारच, असे त्यामागचे गृहीत असावे. लंडनमधल्या वाचकाच्या बाबतीत ते कदाचित खरे असेल. आपल्याकडील विभागीय ग्रंथालयात मात्र समीक्षा-संग्रहाच्या प्रती अनेक आणि शेलीच्या समग्र कवितेची प्रत एकच, तीही कोणा प्राध्यापकाच्या नावावर, अशी स्थिती असणे अशक्य नाही. केशवसुतांच्या पिढीला इंग्रजी स्वच्छंदतावादी कवी भेटले ते अशा संग्रहांच्या आधी आणि त्यांच्यावाचून. त्या वाचनात चुका झाल्या असतील, पण त्या कवितेच्या वाचनातल्या चुका होत्या.