दार नसलेल्या वाटेची वर्गणी

दान कशाला द्यावे, याच्या वाटा आपल्याकडे मळलेल्या आहेत. अन्नदान, वाटेवरच्या वारकऱ्यांना चहा-पाणी, मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळेची एखादी खोली. दिलेले डोळ्यांना दिसते. पंगतीत बसलेला माणूस तृप्त होऊन उठतो, खोलीच्या दारावर आईवडिलांच्या नावाची फरशी बसते. त्यात वाईट काही नाही. पण गाळ काढायला देणगी कोण देते? पाटाच्या तळाला चीर पडू नये, धरणाच्या सांडव्यातले गवत वेळेवर उपटले जावे, यासाठी कोणी दरमहा पैसे पाठवते का? इंग्लंड आणि वेल्समध्ये एक धर्मादाय संस्था लोकांकडे हेच मागते आहे. तिच्या मागण्याविषयी आणि मागण्याच्या रीतीविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. वर्गणी, सेवा आणि पायवाट हे आपल्या नित्याच्या व्यवहारातले शब्द आहेत, आणि ही संस्थाही त्यांच्याच आधारावर उभी राहू पाहते.

संस्थेचे नाव कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट. २०१२ च्या जुलै महिन्यात तिने कारभार हाती घेतला. त्याआधी हे काम ब्रिटिश वॉटरवेज नावाचे सरकारी मंडळ करीत असे. स्कॉटलंडमधले कालवे आजही सरकारी संस्थेकडे आहेत. इंग्लंड-वेल्समधले सुमारे २००० मैलांचे कालवे आणि नौकानयनाच्या काही नद्या मात्र या ट्रस्टकडे आल्या. हे कालवे आपल्या पाटासारखे शेतीचे नव्हेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा, माती, भांडी, सूत वाहण्यासाठी ते खणले. काठावरून घोडा चाले आणि दोराने नाव ओढी. चढ आला की नाव पायरीपायरीने वर न्यावी लागे; त्यासाठी दोन्ही टोकांना दारे असलेले हौद बांधले, त्यांना लॉक म्हणतात. एक दार लावायचे, हौद भरायचा, पाण्याबरोबर नाव वर येते, मग दुसरे दार उघडायचे. तळ आणि बाजू गळू नयेत म्हणून मळलेली चिकणमाती पायांनी तुडवून बसवली. अडीचशे वर्षांनंतरही बऱ्याच ठिकाणी पाणी त्याच मातीने धरून ठेवले आहे.

रेल्वे आली आणि या कालव्यांचा धंदा बसला. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले. १९६८ च्या कायद्याने त्यांचे तीन वर्ग पाडले: व्यापाराचे, फिरण्याचे आणि ‘उरलेले’. तिसऱ्या वर्गाचे सरकारी नाव खरोखरच तसे होते, आणि त्यांच्यावर कमीत कमी खर्च करायचा असे ठरले. उरलेल्यांना वाचवले ते लोकांनी. १९४६ मध्येच कालवाप्रेमींची एक संघटना उभी राहिली होती. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिणेकडचा बुजलेला भाग १९६१ ते १९६४ या काळात स्वयंसेवक, सैनिक आणि चक्क तुरुंगातले कैदी यांनी मिळून उपसला. केनेट आणि एव्हन कालवा अनेक वर्षांच्या श्रमदानानंतर १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. डिव्हायझेस गावाजवळ त्याला २९ लॉक चढावे लागतात, त्यांतले १६ एका सरळ रांगेत आहेत. दिवे घाट चढलेल्या माणसाला त्या चढणीचे कौतुक वेगळे सांगायला नको.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की ट्रस्टला लोकांचे प्रेम आयते वारशाने मिळाले. देणगीची योजना काढताना तिने देणाऱ्यांना नाव दिले ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र. दरमहा थोडी रक्कम बँकेतून परस्पर वळती करायची, आणि तुम्ही कालव्याचे मित्र. यातले दरमहा मला फार आवडते. नेम म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा न चुकता येणाऱ्या लहान वर्गणीचे मोल जास्त वाटेल. आषाढी एकदाच करून माणूस वारकरी होत नाही. कालव्याचेही तसेच आहे. लॉकची दारे ओकच्या लाकडाची असतात आणि साधारण २५ वर्षे टिकतात. ब्रॅडली आणि स्टॅनली फेरी इथल्या कारखान्यांत ती घडवतात आणि दर हिवाळ्यात काही ना काही दारे बदलतात. त्या काळात लॉक कोरडा केला की काही ठिकाणी लोकांना खाली उतरून तळ पाहू देतात. एरवी कायम पाण्याखाली असलेली दगडी पायरी माणसे हाताने चाचपून पाहतात. देणगीचा अर्थ समजावण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

मात्र छापील आवाहनांत या दाराला आणि दगडाला फारशी जागा मिळत नाही. २०१८ मध्ये ट्रस्टने आपले रूप बदलले, नवे बोधचिन्ह घेतले, आणि पाण्याकाठी आयुष्य सुखाचे होते असा सूर लावला. बोधचिन्ह पाहून नाववाल्यांनी टिंगल केली, की हे तर पाण्यात अर्धे बुडालेले टायर. टिंगल सोडून देऊ. सूर मात्र सोडण्यासारखा नाही. हंस, बदके, सकाळचे धुके, मनाची शांती. हे सारे खोटे आहे असे कोण म्हणेल? नदीकाठी मन निवते, हे आळंदी-देहूच्या माणसाला इंग्लंडकडून शिकायला नको. पण शांतीसाठी पैसे मागितले की देणारा शांतीच मोजू लागतो. गाळ, माती, भिंतीतली झीज त्याच्या हिशेबात येतच नाही.

ती हिशेबात न आल्याने काय होते, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसले. डर्बीशायरमधल्या व्हेली ब्रिज गावाच्या डोक्यावर टॉडब्रुक नावाचा जुना जलाशय आहे. पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तो बांधला. मोठा पाऊस झाला आणि १९७० च्या सुमारास बांधलेल्या जादा सांडव्याचे काँक्रीट खचून त्याला भगदाड पडले. खालच्या गावातल्या सुमारे १५०० माणसांना घरे सोडावी लागली. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने खडीची पोती आणून भगदाडात टाकली, पंप लावून पाणी उपसले. बांध टिकला, कोणाचा जीव गेला नाही. पुढे झालेल्या स्वतंत्र चौकशीने कारण सांगितले: सांडव्याची मूळ रचना सदोष होती, आणि वर्षानुवर्षे देखभाल सलग नसल्याने तिच्यात भर पडली. रचनेचा दोष ट्रस्टचा नव्हे, तो तिच्या जन्माच्या चाळीस वर्षे आधीचा आहे. देखभालीचे तसे म्हणता येत नाही. टॉडब्रुकच्या सांडव्यासाठी आधी कोणी वर्गणी मागितली असती तर किती जणांनी दिली असती, हेही कठीणच. म्हणूनच ती मागण्याचे, समजावण्याचे काम संस्थेचे ठरते. हंसाचे चित्र सोपे आहे म्हणून तेच पुढे करणे हा आळस आहे.

दुसरी हरकत ‘मित्र’ या शब्दाशी आहे. इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्ट नावाची दुसरी मोठी धर्मादाय संस्था आहे, जुने वाडे आणि समुद्रकाठ सांभाळणारी. तिचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत आणि वार्षिक सभेत त्यांना मत असते. त्या सभासदत्वामागचे एक साधे कारण वाड्याला दार असते हे आहे. तिकीट काढायचे किंवा सभासद व्हायचे. कालव्याच्या काठाला दार नाही. घोडा जिथून चालायचा त्या वाटेवर आज कोणीही फुकट चालतो, सायकल चालवतो, कुत्रा फिरवतो. तसेच असायला हवे. चालण्याला तिकीट लावले तर ती वाट राहणार नाही. पण मग मित्राला त्याच्या पैशांबद्दल काय देणार? फुकट प्रवेश देता येत नाही, कारण तो सगळ्यांनाच आहे. देता येण्याजोगी एक गोष्ट उरते, कारभारात शब्द. आणि तिथे संस्थेने हात आखडता घेतला. कायद्याच्या भाषेत या ट्रस्टचे सभासद म्हणजे तिच्या परिषदेवर बसलेली मंडळी. ती परिषद विश्वस्त नेमते. दरमहा पैसे देणारा हजारोंतला एक मित्र केवळ पैसे देतो म्हणून सभासद होत नाही.

आपल्या दिंडीतही भिशी असते. ती भरणारा माणूस तंबू कुठे पडला, भाकरी कच्ची का राहिली, हे विणेकऱ्यांपर्यंत नेऊन बोलतो, आणि कधी कधी नको इतके बोलतो. त्याचा त्रास होतो हे खरे. पण त्या बोलण्यानेच दिंडी त्याची होते. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी वापरणारे शेतकरीच पाटाची साफसफाई करीत, पाटकरी नेमत, भांडणे पंचांपुढे मिटवीत. घाम, पैसा आणि शब्द तिथे एकाच माणसाचा होता. इंग्लंडच्या कालव्यांवर या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या माणसांकडे गेल्या आहेत. स्वयंसेवक घाम गाळतो, मित्र पैसा देतो, शब्द परिषदेचा.

आणि चौथा माणूस राहिलाच, नावेत राहणारा. ट्रस्टच्या पाण्यावर सुमारे ३५ हजार नावा आहेत. त्यांतल्या काहींना कायमचा धक्का नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे त्यांनी एका जागी १४ दिवसांहून अधिक मुक्काम करायचा नाही, पुढे सरकत राहायचे. कोणाला हौस म्हणून, कोणाला घरभाडे परवडत नाही म्हणून. एप्रिल २०२४ पासून अशा नावांच्या परवान्यावर ट्रस्टने जादा आकार बसवला, पहिल्या वर्षी ५ टक्के आणि टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत २५ टक्के. ट्रस्टचे म्हणणे असे, की धक्का नसलेले लोक सगळा कालवा वापरतात, म्हणून त्यांनी जास्त द्यावे. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. तरीही काठावर चालणाऱ्या लाखोंकडून आर्जवाने मागायचे आणि मुक्काम नसलेल्याकडून सक्तीने घ्यायचे, ही वाटणी बोचते. ज्याला नाही म्हणता येते त्याच्यापुढे हंस, आणि ज्याला म्हणता येत नाही त्याच्यापुढे बिल.

हे लिहिताना ट्रस्टवर सारा राग काढणे अन्यायाचे होईल, कारण तिला या कोपऱ्यात ढकलणारा दुसराच आहे. २०१२ मध्ये सरकारने १५ वर्षांच्या अनुदानाचा करार केला, तो २०२७ पर्यंत. अलीकडे ट्रस्टच्या उत्पन्नाचा सुमारे पाव भाग या अनुदानातून येतो. बाकीचे मालमत्तेचे भाडे, परवाने, इतर व्यवहार. देणग्यांचा वाटा अगदी थोडा. जुलै २०२३ मध्ये सरकारने पुढच्या दहा वर्षांसाठी, २०२७ ते २०३७, एकूण ४० कोटी पौंड जाहीर केले, तेही दरवर्षी ५ टक्क्यांनी घटत जाणारे. महागाई धरली तर ही ३० कोटी पौंडांहून अधिक कपात आहे असे ट्रस्टने सांगितले. धरण फुटू नये हे गावाच्या जिवाचे काम. ते दयाळू लोकांच्या मासिक वर्गणीवर हळूहळू सरकवायचे आणि त्याला समाजाचा सहभाग म्हणायचे, याला मी दान म्हणणार नाही. दानाने भार वाटून घेता येतो. दुसऱ्याने टाकलेला भार उचलायला दान वापरले तर टाकणाऱ्याची सवय पक्की होते.

इंद्रायणीच्या फेसाविषयी आपण हाच वाद घालतो. घाटावरचे निर्माल्य आणि प्लास्टिक वारकऱ्यांनी वेचावे, ती सेवा आहे, कमीपणा नाही. पण कारखान्याचे रसायन आणि शहराचे न शुद्ध केलेले सांडपाणी वर्गणीने साफ होत नाही. ते सोडणाऱ्यानेच थांबवायचे असते. इंग्लंडमध्येही सांडपाण्यावरून पाणीपुरवठा कंपन्यांविरुद्ध लोक संतापले आहेत, आणि स्वयंसेवकाच्या जाळीत येणारी बाटली ही त्या घाणीतली सर्वांत निरुपद्रवी वस्तू असते.

मग मित्र व्हावे की नाही? तिकडे राहणाऱ्या आणि त्या काठांवरून रोज चालणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणी विचारले, तर मी व्हा म्हणेन. चार-पाच पौंडांत एखादे दार होत नाही, पण बऱ्याच जणांच्या चार-पाच पौंडांचे होते. शनिवारी हातमोजे घालून लॉकवर उभे राहणे त्याहून बरे. स्वयंसेवकांना तिथे नावा पार करायला शिकवतात. मात्र पैसे देताना एक पत्रही लिहावे. माझी वर्गणी कोणत्या दाराला, कोणत्या जलाशयाच्या सांडव्याला गेली ते कळवा. आणि विश्वस्त नेमणाऱ्या परिषदेत वर्गणीदाराचा आवाज किती, तेही कळवा. उत्तर एका ओळीत आले तर पुढच्या महिन्यात पुन्हा लिहावे. वर्गणी दरमहा असेल तर पत्रालाही तोच नेम लावता येतो, आणि २०२७ यायला आता फार महिने उरलेले नाहीत.