परिक्रमेची वाट आणि वाटेवरचे लोक

तीर्थयात्रेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. तीर्थयात्रेचा अभ्यास मात्र थोडा झाला. नर्मदा-परिक्रमेपुरती ही उणीव दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांस विशेष जाणवते. ग्वारीघाटावर उतरणाऱ्या परिक्रमावासीयांत मराठी बोलणारे नेहमीच भेटतात. नदी उजव्या हाताला ठेवावी, पात्र ओलांडू नये, मिळेल ते सदावर्त घ्यावे, हे नियम त्यांपैकी कोणीही सांगेल. ते सदावर्त पिढ्यान्‌पिढ्या कोणी चालविले, हे सांगणारा विरळा.

टोनी ह्यूबर यांचा तिबेटातील त्सारी पर्वताच्या यात्रेवरील ग्रंथ (१९९९) वाचताना हा विचार बळावला. पर्वत हेच देवतेचे निवासस्थान. म्हणून त्याभोवती चालल्याने पाप झडते, ही तेथील श्रद्धा. बौद्ध पर्वत उजवीकडे ठेवतात, बोनपंथी डावीकडे. इथवर सारे आपल्या ओळखीचेच. परंतु ह्यूबर येथे थांबत नाहीत. बारा वर्षांनी निघणारी त्सारीची महायात्रा वन्य जमातींच्या मुलखातून जाई, आणि त्यांनी वाट द्यावी म्हणून ल्हासाचे सरकार त्यांना नजराणे देई. स्त्रियांना वरच्या वाटा बंद होत्या. १९५६ सालची महायात्रा अखेरची ठरली. भक्तीला ग्रंथकार कोठेही कमी लेखीत नाहीत. तिचा जमाखर्च तेवढा झाकून ठेवीत नाहीत. आयुष्य फायलींत गेलेल्या आम्हांस ही रीत फार आवडली.

आता आपल्याकडील शूलपाणीची झाडी घ्या. भिल्लांनी लंगोटीपर्यंत लुटावे आणि यात्रेकरूने ती मैयाची परीक्षा मानावी, हा प्रसंग परिक्रमावर्णनांत ठरलेलाच. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी. तिच्याकडून समाजशास्त्राची अपेक्षा करणे गैर. पण पुढच्या प्रवासवर्णनकारांनी तरी, लुटणारा खातो काय, ती झाडी कोणाची, हे विचारावयास हवे होते. ल्हासाच्या दरबाराला जे उमगले होते, ते आमच्या लेखकांना उमगू नये, याचे नवल वाटते.

ॲन फेल्डहाउस यांचे ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) आम्हांस अधिक जवळचे. शिखर शिंगणापूरला चढणाऱ्या कावडी आणि नद्यांची तीर्थे यांनी प्रदेश कसे विणले जातात, हे त्या बारकाईने दाखवितात. त्यांचा भर अर्थातच महाराष्ट्रावर आहे. इरावती कर्वे यांनी तर पंढरीच्या वाटेवरच महाराष्ट्र ओळखला. त्या मापाने दीक्षितपुरा कोठे बसतो, हे आम्ही वाचकांवर सोपवितो!

जबलपूरचे अमृतलाल वेगड १९७७ मध्ये येथून मंडल्याकडे पायी निघाले. गावे आणि माणसे पाहणारी त्यांची चित्रकाराची नजर आम्हांस मराठी वर्णनांत क्वचितच आढळली. त्या वाटेचा मोठा भाग पुढे बरगी धरणाच्या जलाशयात गेला. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ सरदार सरोवरात बुडाले. परिक्रमावासी आता जलाशयांना लांबून वळसा घालतात. बुडालेल्या गावांत सदावर्त वाढणारी घरे कोणती, ती उठून कोठे गेली, यांच्या नोंदी जुन्या माणसांकडूनच मिळतील. आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत.