तक्त्यातील उपाय आणि उपायांमागील कारणे

डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते तिच्या शेवटच्या पानांवर बहुधा एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात अडचण, उजव्या रकान्यात उपाय. ‘संगणकाला कॅमेरा दिसत नाही’ या ओळीसमोर साधारणपणे असे लिहिलेले आढळते : केबल नीट बसवा, कॅमेरा चालू करा, बॅटरी भरून घ्या, दुसऱ्या पोर्टला जोडून पाहा, संगणक बंद करून पुन्हा चालू करा. त्याच तक्त्यात आणखी खाली ‘कार्ड वाचता येत नाही’ अशी ओळ असते व तिच्यासमोर उपाय म्हणून ‘कार्ड फॉरमॅट करा’ असे छापलेले असते. सर्व उपाय एकाच ठशात, एकाच जाडीच्या रेघांमध्ये. पहिल्या उपायाने कोणाचे काही बिघडत नाही आणि शेवटच्या उपायाने वर्षभराचे फोटो जाऊ शकतात, हा फरक तक्त्यात कुठेच उमटत नाही.

या पानाकडे लेखन म्हणून सहसा कोणी पाहत नाही. परंतु कॅमेरा आणि संगणक यांच्यामध्ये काही अडले, की शिक्षकाच्या हाताशी असलेला मजकूर हाच असतो. म्हणून त्याची परीक्षा करणे आम्हांस अस्थानी वाटत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे हे गाव डोळ्यांसमोर आणावे. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले होते. तेव्हा समजा, तिथल्या एखाद्या शाळेने कपाशीवरील किडींचे फोटो पेरणीपासून वेचणीपर्यंत दर आठवड्याला घेण्याचा प्रकल्प केला आणि शेवटी फोटो संगणकावर उतरेनात. कॅमेरा कंपनीचे दुरुस्ती केंद्र अशा गावात असण्याची अपेक्षा नाही. गेलेला हंगाम परत आणता येत नाही. अशा वेळी पुस्तिकेचे ते पान वाचणाऱ्याला शहाणे करते, की नुसते हुकूम सोडते?

गावातला मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री काय करतो ते पाहावे. विहिरीवरची मोटार चालू होत नाही अशी तक्रार आली, की तो आधी तिन्ही फेज आहेत का ते बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार विहिरीतून वर काढणे अगदी शेवटी, कारण ते काम कष्टाचे आणि खर्चाचे. त्याच्याजवळ छापील तक्ता नसतो, पण क्रम असतो; आणि त्या क्रमाला कारण असते. जे तपासणे स्वस्त ते आधी, आणि जे केल्यावर मागे फिरता येत नाही ते सर्वांत शेवटी. पुस्तिकेत उपाय आहेत, पण हा क्रम नाही, आणि कारणे तर जवळजवळ नाहीतच. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

कारण सांगितल्याने काय फरक पडतो ते केबलवरूनच दिसेल. यूएसबी जोडणीचे पहिले मानक १९९६ साली जाहीर झाले. (ती घडवणाऱ्यांपैकी एक प्रमुख अभियंता अजय भट्ट हे बडोद्यात शिकलेले.) तिच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल लावली, तर चार्जिंगचा दिवा लागेल, पण संगणकाला कॅमेऱ्याचा पत्ता लागणार नाही. ‘केबल नीट बसवा’ हा उपाय मग शंभर वेळा केला तरी व्यर्थ. चार तारांची गोष्ट एका वाक्यात सांगितली असती तर नववीचा विद्यार्थीसुद्धा म्हणाला असता : वीज पोचते आहे, माहिती पोचत नाही, तर आधी केबल बदलून पाहू.

दुसरे उदाहरण जोडणीच्या पद्धतीचे. काही कॅमेरे संगणकाला ‘मी एक डिस्क आहे’ असे सांगतात. मग डी, ई, एफ अशा एखाद्या अक्षराने ते दिसतात. पुष्कळ कॅमेरे मात्र पीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. तीत कॅमेरा आपले कार्ड संगणकाच्या स्वाधीन करीत नाही. मागितलेला फोटो तेवढा काढून देतो, दुकानदार फळीवरून वस्तू काढून देतो तसा. साहजिकच तिथे डिस्कचे अक्षर दिसत नाही, आणि शिक्षक समजतो की जोडणीच झाली नाही. इथे बिघाड काहीच नसतो, फक्त शोधण्याची जागा चुकलेली असते. पुस्तिकेत ही दोन नावे बहुधा असतात, पण कॅमेऱ्याच्या मेनूच्या वर्णनात, तक्त्यापासून कितीतरी पाने दूर.

सर्वांत उपयोगी युक्ती मात्र साधी आहे : कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणे. फोटोची वाट कार्ड, कॅमेरा, केबल, पोर्ट आणि संगणकातील प्रणाली अशी असते. रीडर वापरला की त्यातून कॅमेरा आणि त्याची केबल एकदम गळतात. फोटो दिसले तर दोष त्या दोघांत किंवा जोडणीच्या पद्धतीत. न दिसले तर कार्डात, रीडरमध्ये अथवा संगणकात. एका तपासणीत साखळीचे दोन भाग झाले. विज्ञानाच्या तासाला विजेच्या मंडलातील तुटलेली जागा शोधायला आपण हेच शिकवतो. हा उपाय पुस्तिकांत कधी सापडतो, तर इतर उपायांच्या गर्दीत, त्याचे वेगळेपण न सांगता.

आता फॉरमॅटविषयी, इथे आम्हांला जरा कठोर बोलणे भाग आहे. कार्ड वाचता येत नाही याचा अर्थ कार्ड बिघडले असा होत नाही. २ जीबीहून मोठी एसडीएचसी कार्डे २००६ नंतर आली. त्यांचा आकार आधीच्या कार्डांसारखाच आहे, पण जुने रीडर ती ओळखत नाहीत. ३२ जीबीहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट ही मांडणी असते, आणि शाळेत एखादा जुना विंडोज एक्सपीचा संगणक असेल तर वेगळी पुरवणी बसवल्याशिवाय तो ती वाचू शकत नाही. अशा वेळी संगणक विचारतो, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?’ परभाषेतले पुस्तक वाचता येत नाही म्हणून ते कोरे करून देऊ का, असे विचारण्यासारखेच हे झाले. कार्ड निरोगी, फोटो शाबूत. आणि पुस्तिका तर आधीच सांगून बसलेली की कार्ड फॉरमॅट करा. होकाराची कळ दाबणाऱ्या शिक्षकाला आम्ही दोष देणार नाही.

एसडी कार्डाच्या कडेला एक लहान सरकता खटका असतो. तो ‘लॉक’कडे सरकवून कार्ड रीडरमध्ये घातले, तर बहुतेक रीडर त्यावर काही लिहू अथवा पुसू देत नाहीत; चुकून दिलेला होकारही मग बाधत नाही. (मायक्रो एसडी कार्डाला खटका नसतो, पण त्याच्या अडॅप्टरला असतो.) हे तक्त्यात पहिल्या ओळीत यायला हवे होते.

आणि फोटो पुसले गेलेच तर? साध्या पुसण्यात किंवा झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा यादी तेवढी जाते, मजकूर जागेवरच राहतो. नवा फोटो त्या जागी लिहिला गेला की मात्र तो कायमचा जातो. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. फोटोरेकसारखी विनामूल्य प्रणाली कार्डाचा कोपरा न् कोपरा शोधून फोटोंच्या सुरुवातीच्या खुणा हुडकते. सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर साठवावेत, त्याच कार्डावर कधीही नाही.

बॅटरीच्या बाबतीत तक्ता बरोबर आहे, हे न्यायाने म्हटले पाहिजे. फक्त आकडेमोड वाचकावर सोपवलेली असते. ४ एमबीचा एक असे २०० फोटो म्हणजे ८०० एमबी, म्हणजेच ६४०० मेगाबिट. यूएसबीच्या जुन्या, सेकंदाला १२ मेगाबिटच्या वेगाने हे उतरवायला कागदावरच सुमारे ९ मिनिटे लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. २००० साली आलेल्या ४८० मेगाबिटच्या वेगाने कागदावर १३ सेकंद. जुना पोर्ट आणि अर्धी बॅटरी यांची गाठ पडली, की नक्कल मध्येच तुटते. आठवीच्या वर्गाला हे गणित जरूर घालावे.

तुटलेल्या नकलेचा परिणाम तक्त्यात सापडत नाही, कारण तिथे फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या अडचणी आहेत. फोटोच्या फाइलीत एक चिमुकले चित्र आरंभीच साठवलेले असते. संगणक पुष्कळदा यादीत तेच दाखवतो, आणि सगळे उतरले असे वाटते; उघडून पाहिले तर खालचा अर्धा फोटो राखाडी. म्हणून नकलेचे आणि मूळ फाइलीचे आकारमान जुळते का, हे पाहिल्याशिवाय कार्ड रिकामे करू नये. ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावे, तेही याचसाठी. नावांचा घोटाळा असाच मुका असतो. कॅमेरा फोटोंना चार आकडी क्रमांक देतो. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. दोन कार्डांतले फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले, की एकाच नावाचे दोन फोटो भेटतात, संगणक ‘आधीचा बदलू का?’ विचारतो, आणि घाईतला होकार एक फोटो गिळतो. प्रत्येक वेळी तारखेचा नवा फोल्डर केला तर हा प्रश्नच उद्‌भवत नाही.

तारखेचे महत्त्व बुलढाणा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. जून २०२० मध्ये याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले तेव्हा असंख्य लोकांनी फोटो काढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. कोणत्या दिवशी पाणी कसे दिसत होते हे अशा फोटोंवरून ठरवायचे, तर फोटो कधी काढला हे कळले पाहिजे. संगणकात ‘निर्मितीची तारीख’ म्हणून जी दिसते ती पुष्कळदा नक्कल केल्याची असते. खरी वेळ कॅमेरा फोटोच्या फाइलीत आत लिहितो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला, की तो लहान केला जातो आणि ही आतली नोंदही निघून जाते. प्रकल्पाचे फोटो तसे पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. आणि कॅमेऱ्याची बॅटरी फार दिवस बाहेर राहिली असेल तर त्याचे घड्याळ मागे गेलेले असू शकते. शेतात निघण्यापूर्वी ते फळ्यावरच्या तारखेशी ताडून घ्यावे.